तीन टिंबांचा कोयता

भैरूने कमरेच्या फडक्यातून सुरीचे दोन तुकडे काढले आणि ऐरणीवर एकाशेजारी एक ठेवले.

"दगडावर मारलीस व्हय?" कोंडाजीने विचारलं.

"दगड कशाचा. करवंदीची फांदी व्हती. कोकरू जाळीत अडकलं म्हून वाट मोकळी करत हुतो. दुसऱ्या घावाला मोडली." भैरूने डावा हात पुढे केला. तळव्यावर हळद भरलेली चिंधी बांधली होती. "टोक उडालं ते हितं बसलं."

कोंडाजी लोहाराने तुकडे बोटांनी चाचपले. "पोलादच खराब आलं आसंल. दुसरी करून देतो. परवा ये."

"नगं." भैरूच्या आवाजात राग नव्हता. तो धनगर, आणि त्याच्या बापानेही कुरुळीच्या याच लोहारसाळेतून सुऱ्या नेल्या होत्या. "औंदा चाकणच्या बाजारातनं घितो. मनावर घिऊ नगं, कोंडाजी."

तो गेला तशी भात्यापाशी बसलेली कोंडाजीची बायको, गोजाबाई, उठली. दसऱ्यापासून परत आलेलं हे तिसरं हत्यार होतं. तिने तुकडे उचलले आणि दाराच्या उजेडात धरले. मोडलेल्या जागी पोलादाचा दाणा जाड्या मिठासारखा चमकत होता. नीट तापवलेलं पोलाद मोडलं तर आतून बारीक, राखेसारखं दिसतं. हे फाजील तापलं होतं.

"पोलाद खराब न्हाई," ती म्हणाली. "लष्करी लारीच्या कमानीचा पाटा हाय. त्याच पाट्याच्या चार सुऱ्या आखाडात केल्या. एक बी परत आली न्हाई."

"मग?"

"तुमाला रंग दिसंना झालाय."

कोंडाजी आगटीतला कोळसा उगाच सारखा करत राहिला.

मऊ लोखंडाचं काही वाटत नाही. खिळा, कडी, नांगराचा फाळ आंधळासुद्धा घडवील. पोलादाचं तसं नसतं. पातं डाळिंबाच्या दाण्याएवढं लाल झालं की त्या क्षणी बाहेर काढायचं, डोणीतल्या पाण्यात नुसती धार बुडवायची आणि लगेच दगडावर घासून पांढरी करायची. पाठीत उरलेली ऊब मग हळूहळू धारेकडे उतरते आणि पांढऱ्या पोलादावर रंग चढत जातात: आधी वाळल्या पेंढ्याचा, मग गुळाचा, मग वांग्याचा. पेंढ्यावर थांबलं तर पातं काचेसारखं मोडतं. वांगं ओलांडून निळ्यावर गेलं तर धार वाकते. रानात झाडावर घाव घालायच्या हत्याराला गूळ सरून वांगं लागतं न लागतं तिथे थांबायचं आणि अख्खं पातं पाण्यात सोडायचं. याला पाणी देणं म्हणतात. कोंडाजीचं पाणी खेडपासून चिखलीपर्यंत नावाजलेलं होतं.

तीस वर्षं आगटीत बघून बघून त्याचे डोळे गेले होते. पुण्याच्या डॉक्टरने सांगितलं होतं, आतला पडदाच खराब झालाय, आता चष्म्याने किंवा शस्त्रक्रियेने व्हायचं नाही. कोंडाजीने घरी येऊन सांगितलं, थकवा हाय म्हणत्यात. गोजाबाईला ते तेव्हाच खोटं वाटलं होतं.

"आवाजावर वळखतो मी," तो आता म्हणाला.

"घणाखाली आवाज करतंय पोलाद. तापताना न्हाई करत."

"मग काय, साळ बंद करू?"

"मी रंग सांगते. तुमी सांडशी धरा."

दोन दिवस त्यांनी तसं करून पाहिलं. ती "आता" म्हणायची आणि तो पातं उचलायचा. पण तिच्या तोंडातून शब्द निघून त्याचा हात हलेपर्यंत रंग पुढे गेलेला असायचा. दोन पाती पाण्यात चर्र करून चिरली. तिसरं निळं पडलं. चौथ्या वेळी पातं लाल झालं, आणि "आता" म्हणण्याऐवजी गोजाबाईने त्याच्या हातातून सांडशी काढून घेतली.

तिने धार बुडवली, दगडावर घासली, दारापाशी नेली. पेंढा आला. गूळ आला. तिचा डोळा पात्यावरून हलला नाही. वांग्याची पहिली छटा दिसली तशी तिने पातं पाण्यात सोडलं.

कोंडाजी आगटीपुढे तसाच बसला होता, रिकामे हात गुडघ्यांवर ठेवून. तिने थंड झालेलं पातं त्याच्या हातात दिलं. त्याने धारेवरून नख फिरवलं, मग पातं बाभळीच्या गाठीत हाणलं. उपसून पुन्हा नख फिरवलं.

"जरा लवकर काढलंस," तो म्हणाला. "अजून एक श्वास थांबायला पायजे हुतं. चालंल."

गोजाबाई खेडकडच्या लोहाराची लेक. दहाव्या वर्षी तिने पहिला घण उचलला, सोळाव्या वर्षी लग्न होऊन कुरुळीला आली आणि तेव्हापासून बावीस वर्षं कोंडाजीसमोर उभी राहून घण मारत होती. दोन मुलं झाली, दोन्ही राहिली नाहीत. तिचे खांदे गड्यासारखे रुंद झाले होते. लोहारांच्या घरात यात कुणाला नवल वाटत नसे. घण बाईचा, भाता बाईचा; सांडशी आणि आगटीपुढची जागा मात्र बाप्याची. हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवसानंतर गोजाबाई आगटीपुढे बसू लागली. भाता ओढायला कुणीतरी हवंच होतं, म्हणून कोंडाजी भात्यावर बसला. साळेचं दार रस्त्यावर उघडत होतं. तिने ते लावलं नाही.

पंधरा दिवसांनी यशवंतराव आले. चिखलीच्या पलीकडे एका ठेकेदाराने माळ साफ करायचं काम घेतलं होतं. पिंपरीकडे कारखाने उभे राहत होते आणि त्यांच्यासाठी रस्ते पाहिजे होते. यशवंतराव त्या ठेकेदाराचे मुकादम. पुण्याचे, धोतरावर कोट घालणारे, बोलायला सरळ.

"बाजारचे कोयते दोन दिवसांत वाकतात हो," ते कोंडाजीला म्हणाले. "बाभळी आहेत, हिवर आहे, घाणेरीचं रान माजलंय. तुमच्या पाण्याचं नाव ऐकलं म्हणून आलो. चाळीस कोयते पाहिजेत. अमावास्येपर्यंत होतील?"

गोजाबाई तेव्हा विहिरीवर गेली होती. कोंडाजी "हुतील" म्हणाला. कोण करील ते त्याने सांगितलं नाही आणि यशवंतरावांनी विचारलं नाही.

निम्मे कोयते झाले असतील तेव्हा चाकणहून सयाजी आला. सयाजी कोंडाजीचा थोरला चुलत भाऊ, चाकणच्या बाजारपेठेत त्याची साळ. सोबत चिखलीचे सोपानराव होते. लोहारांच्या भावकीत त्यांचा शब्द चाले. गोजाबाईने पदर सावरला आणि दोघांपुढे पाण्याचे तांबे ठेवले. कुणी उचलले नाहीत.

"ऐकतो ते खरं हाय का, कोंडाजी?" सयाजीने विचारलं. "आगटीम्होरं गोजाबाई बसती आन तू भाता वढतोस?"

कोंडाजीने मान खाली घातली.

"खरं हाय, भावजी," गोजाबाई म्हणाली. "बगायचं आसंल तर बसा. एक कोयता पाण्याला आलाच हाय."

"बाईनं सांडशी धरली की साळ इटाळती," सोपानराव म्हणाले.

"घण धरला न्हवं मी बावीस वर्सं? पोर पोटात आसताना सातव्या म्हैन्यापतूर मारला. तवा न्हाई इटाळली साळ?"

सोपानरावांनी तिच्याकडे न बघता सयाजीकडे पाहिलं. सयाजी वाईट माणूस नव्हता. कोंडाजीचा बाप गेला तेव्हा वर्षभर त्यानेच या घराला धान्य पुरवलं होतं. तो हळू आवाजात बोलायला लागला.

"मी भांडाया न्हाई आलो. माझ्या इंद्रायणीची सोयरीक जुळतीया. पोराकडची मानसं इचारत्यात, तुमच्यात बाया लोहारकी करत्यात का म्हून. मी एक तोड काढलीया. तुमी कोयते घडवा. पाणी द्यायला चाकणला धाडा. मी दिईन पाणी, खूण माझी पडंल. तुमचं घर चालंल, भावकीचं तोंड बंद हुईल."

"आन आमच्या साळंचं नाव?"

"नाव गेलंच की, गोजाबाई. मोडक्या सुऱ्या बाजारभर फिरत्यात."

हे खरं होतं, म्हणून ते तिला लागलं. तिने सांडशी खाली ठेवली.

"व्हय, फिरत्यात. म्या पाणी दिल्याली एक आणा मोडून. मग मी तुमच्या दारात यिऊन भाता वढीन."

"सोपानराव," सयाजी म्हणाला, "तुमीच सांगा आता."

"सांगायचं काय," सोपानराव उठत म्हणाले. "भावकी ह्या दारात येणार न्हाई. लग्नाला न्हाई, मयताला न्हाई."

"मयताला चार खांदं लागत्यात खरं," गोजाबाई म्हणाली. "तवाचं तवा बगू."

ते गेल्यावर तिने भरलेले तांबे उचलून डोणीत ओतले. कोंडाजी भात्याचा दांडा धरून बसला होता.

"एक शबूद बोलला न्हाई तुमी."

"काय बोलू? बाप्यासारकं बोलाया जागा कुठं हाय मला? बसलोय भात्यावर."

लोकांशी भांडायचं बळ तिच्यात होतं. ते एकटीने भांडावं लागेल असं तिला वाटलं नव्हतं.

चाळीस कोयते अमावास्येच्या आदल्या दिवशी पुरे झाले. खूण मारायची राहिली होती. कोंडाजीची खूण चंद्रकोरीची. बापाच्या वेळेपासून या साळेतल्या प्रत्येक पात्यावर, मुठीजवळ, ती असायची. कोंडाजी अजूनही ती बोटाने चाचपून मारत असे. संध्याकाळी तो भैरवनाथाच्या देवळाकडे गेला. गोजाबाईने चंद्रकोरीचा छाप हातात घेतला आणि परत ठेवला. मग टिंब पाडायचा टोच्या घेतला. धार तेवढी कडक केलेली असते, पाठ मऊच असते, त्यामुळे थंड पात्यावरही टोच्या नीट उमटत होता. एक कोयता, तीन टिंबं. तिच्या हनुवटीवर लहानपणी गोंदलेली तीन टिंबं होती, तशीच. चाळीसही कोयत्यांवर मारून झाल्यावर तिने ते गवतात बांधले आणि चूल पेटवायला गेली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्याची बैलगाडी घेऊन दोघं चिखलीच्या माळावर पोचले. मजूर झाडांच्या सावलीला उभे होते, बायका आणि गडी मिळून तीसचाळीस जण. यशवंतराव समोर आले ते नेहमीसारखे मोकळे नव्हते. कालच चाकणचा कुणी लोहार येऊन, कुरुळीच्या साळेत बाई पाणी देते, असं सांगून गेला होता.

त्यांनी एक कोयता काढला, तोलून पाहिला. मग मुठीजवळ बघून थांबले.

"कोंडाजीची खूण चंद्रकोरीची, असं मला सांगितलं होतं. ही कुणाची?" त्यांनी मान वर केली आणि त्यांची नजर गोजाबाईच्या हनुवटीवर गेली. ते काय समजायचं ते समजले. कोंडाजीचा दंड धरून त्यांनी त्याला दोन पावलं बाजूला नेलं, पण आवाज गोजाबाईला ऐकू येत होता.

"हे बघा, माल चांगला दिसतोय. पण माझे गडी बाईच्या हातचं हत्यार धरायला तयार नाहीत. अपशकुन म्हणतात. तुम्ही एवढंच म्हणा, की मी केलेत. मोठ्याने म्हणा, त्यांना ऐकू जाऊ द्या. खुणेचं मी बघतो."

कोंडाजीने हात पुढे केला. "बगू."

यशवंतरावांनी कोयता त्याच्या हातात दिला. कोंडाजीचा अंगठा पाठीवरून मुठीकडे सरकला. तो चंद्रकोर शोधत होता. अंगठा एका खळग्यात गेला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. तो तिथेच थांबला. एवढं मोठं काही त्याला न सांगता गोजाबाईने आयुष्यात पहिल्यांदाच केलं होतं, आणि ते त्याला परक्यांच्या देखत कळत होतं.

कोंडाजी मजुरांच्या बाजूला वळला. त्याला ते दिसत नव्हते, पण कुजबुज कुठून येते ते कळत होतं.

"ही खूण माझी न्हाई," तो म्हणाला. "माझी चंद्रकोर. ती औंदा खराब मालावर पडली, मोडक्या सुऱ्यांवर. हे कोयते हिचं हायेत. घडवलं हिनं, पाणी हिनं दिलं. मला रंग दिसत न्हाई आता. दिसतच न्हाई कायी. मी भाता वढला."

डोळे गेल्याचं त्याने आजवर गोजाबाईपाशीसुद्धा असं तोंडाने कबूल केलं नव्हतं.

"मग माझी अडचण होते, कोंडाजी," यशवंतराव म्हणाले.

"कशाची अडचण," गोजाबाई म्हणाली. तिने पदर कमरेला खोचला, गाडीतून एक कोयता उचलला आणि पाडून ठेवलेल्या बाभळीच्या खोडापाशी गेली. खोड वाळलेलं, मांडीएवढं जाड होतं. बावीस वर्षांच्या घणाचा हात तिने त्यावर चालवला. ढलप्या उडत राहिल्या. वीस घावांत खोड दुभंगलं. ती परत आली आणि कोयता यशवंतरावांपुढे धरला.

"धार बगा. आता तुमच्या कुणाचा बाजारचा कोयता त्याच खोडावर मारा."

एका गड्याने चढेलपणाने आपला कोयता घेतला. सहाव्या घावाला धार पत्र्यासारखी दुमडली. त्याने ती बोटाने सरळ करायचा प्रयत्न केला, मग कोयता पाठीमागे धरला.

"नगं आसतील तर परत नेते," गोजाबाई म्हणाली. "चाकणच्या बाजारात खोड मांडून बसंन. घेणारा घिईल."

बायकांच्या घोळक्यातून एक काटकुळी बाई पुढे आली. तिला सगळे छबूबाई म्हणत. तिच्या हाताला फोड आले होते. "मला द्या वो एक," ती म्हणाली. "वाकड्या कोयत्यानं दिसभर घाणेरी तोडून मनगाट गेलं माझं. शकुनाचं मी बगते."

तिच्यामागून बाकीच्या बायका आल्या. मग ज्याचा कोयता दुमडला होता तो गडी आला, कुणाकडे न बघता. दुपारच्या भाकरीपर्यंत गाडी बरीचशी रिकामी झाली. चौघांनी मात्र शेवटपर्यंत हात लावला नाही. ते आपल्या वाकड्या कोयत्यांनीच झुडपं झोडपत राहिले. यशवंतरावांनी उरलेले कोयते ठेवून घेतले आणि काम चालू करा म्हणून हाकारा दिला.

परतीच्या वाटेवर मोशी मागे पडली.

"खूण कवा मारलीस?" कोंडाजीने विचारलं.

"तुमी देवळाकडं गेला तवा."

"इचारायचं."

"न्हाई म्हणाला आसता."

"व्हय," तो म्हणाला. "म्हणालो आसतो." मग अंगठा बोटांवर घासत म्हणाला, "तिसरं टिंब तिरकं पडतंय तुझं. टोच्या उभा धर."

भावकीने शब्द पाळला. संक्रांतीला लोहारांच्या घरातली एक बाई गोजाबाईच्या उंबऱ्याशी आली नाही. शिमग्यात सोंगं घेऊन हिंडणारी भावकीतली पोरंही त्यांचं दार सोडून पुढे गेली. काम मात्र आलं. भैरूने मेंढरं गावाबाहेर थांबवून एक सुरी नेली आणि पुढच्या फेरीला आपल्या दोन भावांना घेऊन आला. पिंपळे गुरवकडचे लाकूडतोडे तीन टिंबांचा कोयता मागत येऊ लागले. गोजाबाईने चंद्रकोरीचा छाप मोडीत घातला नाही, पण त्यानंतर तो वापरलाही नाही.

इंद्रायणीचं लग्न चैत्रात होतं. ही सयाजीची लेक लहानपणी आईच्या दुखण्यात सहा महिने कुरुळीला राहिली होती. गोजाबाईने तिची वेणी घातली होती, गोवरात रात्रंदिवस उशाशी बसली होती. लग्नाची अक्षत आली नाही. येणार नाही हे ठाऊक होतं, तरी आठवडाभर रस्त्यावर कुणी थांबलं की ती दाराकडे बघायची.

लग्नाच्या दिवशी सकाळीच चिखली-मोशीकडच्या गाड्या चाकणला निघाल्या. रस्ता साळेसमोरूनच जात होता. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा लांबूनच वाजायला लागल्या.

"दार लोटून घितेस का?" कोंडाजीने विचारलं. "आजच्या दिस."

"कशापायी?"

तिने दार सताड उघडलं, आगटी पेटवली आणि पाटा निखाऱ्यात सारला. कोंडाजी भाता ओढू लागला. गाड्या एकेक करून समोरून गेल्या. नवी लुगडी, पटके, मांडीवर घेतलेली मुलं. साळेसमोर आलं की गाडीतली माणसं पलीकडच्या शेताकडे बघत. एकीने तिला पाहिलं, हात अर्धा उचलला आणि नवऱ्याकडे बघून पदर सारखा केला. गोजाबाईने पाटा ऐरणीवर घेतला. घाव घालताना तिने मान खाली घातली नाही.

शेवटची गाडी खडखडत आली. कोंडाजीचा भाता थांबला. त्याने मान तिरकी करून कान दिला.

"सोपानरावाची गाडी," तो म्हणाला. "उजव्या चाकाची धाव सैल झालीया. ऐक, लाकडावर आदळती."

गोजाबाईने कान दिला. चाकाभोवतीची लोखंडी पट्टी दर फेऱ्याला टक् करत होती. गाडीत सोपानराव ताठ बसले होते, गुलाबी पटका बांधून, नजर समोर.

"लोहाराच्याच गाडीची," कोंडाजी म्हणाला, आणि हसला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच ती त्याला हसताना ऐकत होती. "चाकणपतूर टिकायची न्हाई. मोशीच्या चढालाच कळायला पायजे हुतं त्याला. हाक मारू का? दोन ठोक्याचं काम हाय."

तिने सांडशी सोडली नाही. गाडी साळेसमोरून पुढे गेली. टक्, टक्, वळणापर्यंत ऐकू येत राहिलं.

"नगं," ती म्हणाली. "तेला हाक मारायची आसली तर तो मारंल. दार उघडंच हाय."

कोंडाजीने मान डोलावली. त्याने दोन्ही हातांनी दांडा धरला आणि वजन टाकून भाता ओढला. तिने पाटा परत निखाऱ्यात सारला.